सात नंबर उघडाच राहू दे

बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढत होते. गुरुवार, बाटल्यांचा दिवस. झाकणं वेगळी, बाटल्या वेगळ्या, वरचं लेबल सोलून तिसऱ्याच पिशवीत, आणि हे सगळं आठच्या आत कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या जाळीखाली जायला हवं. इतकी वर्षं झाली जपानात, पण दर गुरुवारी या बाटल्यांशी माझं भांडण ठरलेलं. फोन हॉस्पिटलचा होता. पलीकडची मुलगी फार हळू, फार अदबीनं बोलत होती, आणि इथे समोरच्याची अदब जितकी वाढते तितकी बातमी वाईट असते हे एव्हाना मला कळायला लागलं आहे. वैजूताई पहाटे पाचच्या सुमाराला गेल्या. झोपेतच... मी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले, फोन ठेवला आणि नवऱ्याला, निखिलला, पहिला प्रश्न विचारला तो असा, "आज पहाटे बाहेर किती होतं रे?" त्याला काही कळेना. मोबाइल बघून तो म्हणाला, "मायनस सात. का?" आणि मी ओट्याला टेकून रडायलाच लागले. तो बिचारा मला थोपटत राहिला. मी नक्की कुणासाठी रडत होते हे त्याला पुरतं कळलं नसणार. वैजूताईंसाठी तर होतंच. पण त्यांच्या अंगणात त्या रात्री एक झाड उघडं उभं होतं, आणि ते माझ्यामुळे उघडं होतं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे, पण वैजूताईंबद्दल लिहायचं तर त्या झाडाबद्दल लिहावं लागतं, आणि त्या झाडाबद्दल लिहायचं तर माझी चोरी कबूल करावी लागते.

आम्ही त्सुकुबाला आलो अकरा वर्षांपूर्वी. त्याआधी तोक्योत, हिगाशी-कसाईला राहत होतो. तिथे लिफ्टमध्ये मराठी ऐकू यायची, खाली वाण्याकडे कढीपत्ता मिळायचा, आणि थंडी म्हणजे जाकीट घातलं की संपली. निखिलची नोकरी बदलली आणि आम्ही या शास्त्रज्ञांच्या गावात येऊन पडलो. रुंद रस्ते, सायकली, आणि हिवाळ्यात डोंगरावरून खाली येणारा असा वारा, की कानाच्या पाळ्या आहेत की गेल्या ते चाचपून बघावं. पहिल्याच डिसेंबरात एका संध्याकाळी मी आमच्या ईराला पाळणाघरातून घेऊन येत होते. ती तेव्हा चार वर्षांची. एका जुन्या बैठ्या घराच्या अंगणात मला सहा माणसं रांगेनं उभी दिसली. पेंढ्याचे झगे घातलेली, डोक्यावर पेंढ्याच्याच टोप्या, एकदम स्तब्ध. जवळ गेल्यावर कळलं की ती माणसं नाहीत, झाडं आहेत, थंडीसाठी गुंडाळून ठेवलेली. आणि रांगेच्या शेवटी सातवं झाड तेवढं उघडं. आपल्याकडे बँकेच्या दारात कुंडीत असतो ना, तो सायकस. गुबगुबीत खोड, वर काटेरी पिसाऱ्यासारखी पानं. ईरा कुंपणातून हात घालून पानाला बोट लावायला गेली तशी मी ओरडले, "हात नको लावूस, बाबांचा आहे का बगीचा?" तर आतून खणखणीत मराठीत आवाज आला, "लावू दे की. चावत नाही तो."

त्या वैजूताई. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, केस आखूड कापलेले, पुरुषी जाकीट, पायात रबरी बूट आणि गळ्यात चष्म्याची दोरी. मिरजेच्या. पीएचडीनंतर दोन वर्षांसाठी म्हणून जपानात आल्या आणि राहूनच गेल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाल्या, "कुणी पुरेसा इंटरेस्टिंग प्रश्न विचारला नाही." त्यांचं काम होतं तापमान मोजणं. म्हणजे तापमान मोजणारी यंत्रं खरं बोलतात की नाही ते तपासणं. दिवसभर प्रयोगशाळेत तेच, आणि घरी आल्यावर अंगणात पुन्हा तेच.

सगळ्यांना वाटायचं, ही बाई कोकणातली असणार, गावाकडच्या माडांची आठवण येत असणार, म्हणून या बर्फाळ गावात पाम आणि सायकस लावून बसली आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मी गहिवरून काहीतरी बोललेसुद्धा. त्यांनी मला मध्येच तोडलं. "अगं मी मिरजेची. नारळ मी देवळात आणि वाण्याकडेच बघितलाय. आमच्या गल्लीत एक बाभूळ होती, तीही म्युनिसिपालिटीनं तोडली." मग हे पाम कशाला? तर त्यांना बघायचं होतं की थंडी झाडाच्या आत कुठपर्यंत पोचते. एवढंच. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते, पण पामचा सगळा जीव एका जागी असतो, शेंड्याशी, मुठीएवढ्या गाभ्यात. तो गोठला की संपलं. सायकस जरा चलाख, कधी कधी बुडातून पिल्लं काढतो, पण त्याचंही खरं काळीज वरच, तपकिरी लव असलेल्या त्या बोंडात. "पानं जळतात ते आपल्याला दिसतं. आत काय होतं ते दिसत नाही. ते कळायला नको?" असं म्हणताना त्यांचे डोळे असे चमकायचे, की आपल्यालाही वाटायचं, खरंच की, कळायला हवं. घरी येऊन पोळ्या लाटायला लागलं की मग प्रश्न पडायचा, की कळून करायचं काय?

अंगणात तीन शुरो होते. केसाळ खोडाचे, पंख्यासारख्या पानांचे हे पाम जपानीच, त्यांना इथल्या थंडीचं काही म्हणता काही नाही. पानांवर बर्फ घेऊन मजेत उभे. एक निळसर पिसांचा पाम होता, दक्षिण अमेरिकेतला, लाडावलेला. आणि हे सात सायकस, प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, एक ते सात. दर नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी गुंडाळण्याचा कार्यक्रम असायचा. घरमालक इनोउए-सान मागच्याच घरात राहायचे. जन्मभर माळीकाम केलेले, आता ऐंशीच्या पुढचे, पण शिडीवर असे चढायचे की बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा. भाताचा नवा पेंढा तेच आणायचे. आधी पानं वर उचलून सैलसर बांधायची, मग भोवती पेंढ्याचे थर, मग काथ्याची दोरी, आणि शेवटी टोकाला पीळ देऊन टोपी. मी चहा आणि कांदाभजी घेऊन जायचे. वैजूताई गुंडाळताना बोंडात केसासारखी बारीक तार खोचायच्या आणि वळचणीखालच्या एका डबीला जोडायच्या. ती डबी रात्रंदिवस तापमान लिहून ठेवायची.

सहा गुंडाळून झाले की हत्यारं आवरायची. सात नंबर उघडाच. हा वैजूताईंचा नियम. "एकाला तरी थंडी खाऊ दे. नाहीतर बाकीच्यांना आपण वाचवतो की उगाच गुंडाळतो, कळणार कसं?" इनोउए-सानना हे अजिबात पटायचं नाही. "कावाइसो," ते म्हणायचे, म्हणजे बिचारा गं. दरवर्षी जाताना ते सात नंबरसमोर उभे राहायचे, टोपी काढायचे आणि कमरेत वाकून त्याची माफी मागायचे. शिवाय त्यांची एक वेगळीच भानगड होती. जपानात जुन्या लोकांचा असा विश्वास आहे की सायकस आजारी पडला की त्याला लोखंड द्यावं, तो उठून बसतो. म्हणून हा माणूस दर शरद ऋतूत सात नंबरच्या बुडाशी गंजके खिळे पुरायचा, गुपचूप. वैजूताईंना ते सापडले तेव्हा मला वाटलं, आता चिडतील. कुठलं काय! त्यांनी चार नंबरला मोजून वीस खिळे घातले, पाच नंबरला एकही नाही, आणि तीन वर्षं दोघांची पानं मोजत बसल्या. फरक पडला नाही. इनोउए-सानना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "खिळे नवे होते. गंजके हवेत."

कडाक्याची थंडी पडली की सकाळी सहाला माझा फोन वाजायचा. "मायनस सहा पॉइंट दोन! ये लवकर, ऊन यायच्या आत!" मुलगा बोर्डात आल्यासारखा आनंद त्या आवाजात. मी शिव्या घालत स्वेटरवर स्वेटर चढवून जायचे. दातावर दात आपटत दोघी अंगणात उभ्या, पानांच्या कडेला दवाचं पीठ झालेलं, आणि वैजूताई वही उघडून दोन रकाने दाखवायच्या. डावीकडे 'अंदाज', उजवीकडे 'प्रत्यक्ष'. मोजायच्या आधी अंदाज लिहायचाच, पेनानं, खाडाखोड नाही. आणि अंदाज चुकला की बाई खूश! बरोबर आला तर "ठीक आहे, माहीत होतं तेच कळलं," म्हणून वही बंद. चुकला तर आत जाऊन छोट्या कढईत शिरा करायच्या, केळं घालून, भरपूर तुपाचा. "काहीतरी नवीन कळणार आज," म्हणत वाटी हातात द्यायच्या. ईरा त्याला हाझुरे-शिरा म्हणायची. हाझुरे म्हणजे चुकलं, लॉटरीत रिकामी चिठ्ठी निघते तसं. आम्ही मराठीत बोलायचो, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि शिरा संपला की विचारायची, सेन्सेई, म्हणजे बाई, पुन्हा कधी चुकणार?

आता माझी चोरी. तिसऱ्या हिवाळ्यात ईराला न्यूमोनिया झाला. आठवडाभर मी घर आणि हॉस्पिटल अशा चकरा मारत होते. ती घरी आली त्या दिवशी संध्याकाळी मी औषधं घेऊन परतत होते आणि वाटेत ते अंगण दिसलं. सहा जण ऊबदार झग्यात आणि हा एकटा उघडा, वाऱ्यात पानं खडखडत. मला काय झालं कुणास ठाऊक. पोर तापातून उठलेली, माझी झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही... घरी गेले, आईनं शिवलेली गोधडी घेतली, जी मी नाशिकहून बॅगेत चार किलो वजन खर्च करून आणली होती, आणि साडेसातला जाऊन सात नंबरच्या डोक्यावर घातली. नीट, कानटोपीसारखी. वैजूताईंची खोली मागच्या बाजूला, त्यांना काही दिसणार नव्हतं. पहाटे साडेपाचला जाऊन काढून आणली. तार दिसत होती मला, पण मला वाटलं ती शेजारच्या सहा नंबरची आहे. उघड्या झाडाला कशाला कोण तार लावेल, असा माझा हिशोब. हसू नका. मी कॉमर्सची.

एकदा केलं आणि सवयच लागली. रात्री मायनस पाच होणार असं दिसलं की माझा पाय घरात ठरायचा नाही. निखिलला सांगायचे, चालायला जाते. तो म्हणायचा, या थंडीत? मी म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय. वसंत आला की सात नंबरची निम्मी पानं हिरवी, आणि एका वर्षी तर जवळजवळ सगळी. वैजूताई चहा ओतता ओतता विचारायच्या, "यंदाही पानं राहिली गं. कशी काय?" मी कपात बघत म्हणायचे, "वारा कमी होता ना यंदा." "वारा?" "हो... मला तरी तसं वाटलं." "हं," म्हणायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या. माझी मान खाली. एवढी शहाणी बाई, एवढ्या वर्षांची मेहनत, आणि मी तिच्या आकड्यांत कापूस भरत होते. सांगायचं दहा वेळा ठरवलं. धीर झाला नाही. गावातल्या बागप्रेमी म्हाताऱ्यांच्या मंडळात त्यांनी एकदा भाषण दिलं तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते. त्या म्हणाल्या, "सात नंबर उघड्यावर तगून आहे, पण तो थंडी सोसतो असं मी म्हणणार नाही. यात एक गोष्ट माझ्या ताब्यात नाही. ती कधी येते, कधी येत नाही, अजून अभ्यास चालू आहे." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, वाऱ्याबद्दल बोलतायत, आणि मी आणखीच खाली बघितलं.

मागच्या सप्टेंबरात त्यांचं पोट दुखायला लागलं आणि डिसेंबरात त्या हॉस्पिटलात गेल्या ते परत आल्याच नाहीत. गुंडाळण्याचा कार्यक्रम मात्र झाला होता. त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून सूचना देत होत्या आणि इनोउए-सान मुद्दाम चुकीची गाठ मारून त्यांची बोलणी खात होते. हॉस्पिटलातही गप्प कसल्या बसतायत! उशाशी वही होतीच. स्वतःच्या तापाचे आकडे दोन रकान्यांत. नर्सला त्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं की तुमचा थर्मामीटर पॉइंट दोननं जास्त दाखवतो, आणि ती पोरगी दर वेळी दोन थर्मामीटर घेऊन यायची. मी डब्यात मऊ भात घेऊन जायचे. त्यातले दोन घास खायच्या आणि विचारायच्या, काल किती होतं?

जानेवारीच्या मध्यावर एका दुपारी त्या बराच वेळ खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मोठी थंडी येतेय. मी नाहीये, तर इनोउए-सानना दया येईल. त्यांना सात नंबर झाकू देऊ नकोस." मी बरं म्हटलं. "तूही नको." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "एक तरी हिवाळा मला स्वच्छ हवाय, अनघा. सात नंबर उघडाच राहू दे. देतेस शब्द?" मला सगळं कबूल करायचं होतं. पण हात एवढे बारीक झाले होते त्यांचे... मी म्हटलं, "दिला शब्द."

आणि थंडी आली. सोमवारी मायनस पाच. मंगळवारी मायनस सहा होणार असं टीव्हीवर सांगितलं आणि माझा पाय काही घरात ठरेना. गोधडी घेऊन निघाले. फाटकापर्यंत गेले, कडीला हात लावला. आत सात नंबर वाऱ्यात थरथरत होता. पलीकडच्या कुंपणापाशी काहीतरी हललं. इनोउए-सान! काखेत पेंढ्याची पेंडी. दोघंही चोर, समोरासमोर. त्यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी मान हलवली, नको. "सेन्सेईनी सांगितलंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी सात नंबरकडे बघून टोपी काढली, ते वाकले आणि पेंडी घेऊन परत फिरले. मीही गोधडी पोटाशी धरून घरी आले. बुधवारी मायनस सात होणार होतं. त्या संध्याकाळी मी बाहेर पडलेच नाही. गोधडी घडी घालून कपाटात ठेवली आणि कपाटासमोर बसून राहिले. गुरुवारी सकाळी तो फोन आला.

मिरजेचे त्यांचे भाऊ वयामुळे येऊ शकले नाहीत, त्यांनी सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं. स्मशानातल्या भट्टीपाशी पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस होता. तो वाकून, आता निरोप घ्या, असं म्हणाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही किती तापते?" निखिलनं माझा दंड दाबला. पण वैजूताईंनी नक्की विचारलं असतं! त्या माणसानं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे आकडा सांगितला. मी तो तळहातावर लिहून घेतला, पेनानं. घरी जाईपर्यंत डोळे पुसून पुसून पुसला गेला.

हॉस्पिटलनं दिलेली त्यांची पिशवी भावांच्या सांगण्यावरून माझ्याकडेच राहिली. तीन आठवडे मी ती उघडली नाही. एका रविवारी उघडली. चष्मा, मोजे, आणि वही. त्यांच्या घरी शेल्फवर आधीच्या वर्षांच्या वह्या होत्या, त्याही मग आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर बसून वाचायला लागले. सात नंबरची पानं काढली. तिसरा हिवाळा. 'रात्री पावणेआठपासून पहाटेपर्यंत सात नंबर तीन अंशांनी गरम. बिघाड? तार तपासली, ठीक.' दुसऱ्या दिवशी, 'पानाच्या काट्यात निळा धागा. सुती. अनघाची गोधडी!' पुढे कंसात, 'ईरा घरी आली म्हणे.' माझे कान गरम झाले. म्हणजे पहिल्याच रात्री पकडले गेले होते मी! पुढचं पान. 'तिला सांगावं का? सांगितलं तर येणार नाही. मग कळणार कसं?' आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून एक नवीनच रकाना, वर 'अ.' 'अंदाज: अ. मायनस साडेपाचला येईल. प्रत्यक्ष: मायनस पाच.' 'अ. स्वतः सर्दीनं आजारी, तरी आली.' 'अ. आली नाही. नाशिकला गेली आहे, विसरलेच.' 'गोधडी पेंढ्यापेक्षा बरी. आश्चर्य.' आणि एका ओळीत नुसतं, 'वारा!!' पुढे दोन उद्गारचिन्हं.

किती तापाला किंवा किती थंडीला काय होतं हे मोजण्यात जन्म गेला या बाईचा, आणि आठ हिवाळे ती मोजत होती की किती थंडी पडली की अनघाला राहवत नाही. मला आधी रागच आला, खरं सांगते. मी इकडे अपराधी तोंड करून वावरतेय आणि बाईसाहेब समोर बसून चहा ओततायत! मग हसू आलं, मग काय ते आवरेना. निखिल आतून धावत आला.

शेवटचं पान हॉस्पिटलातलं होतं. अक्षर कापरं, पण पेनानंच. 'सात नंबर. अनघाला सांगितलं, झाकू नकोस. तिनं शब्द दिला. अंदाज: मायनस सहाला येईल. शब्द मोडून झाकेल. पोरगी तशीच आहे.' उजवीकडे 'प्रत्यक्ष', आणि त्याखाली कोरं.

म्हणजे त्यांना वाटलं होतं, मी ऐकणार नाही. आठ वर्षं न सांगता झाकलं, आणि ज्या एका वेळी मी झाकेनच असं त्यांनी धरलं होतं, त्याच वेळी मी शहाण्यासारखी शब्द पाळून बसले. किती दिवस ते पान माझ्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, स्टेशनवर उभी असताना, एकच. झाकायला हवं होतं का मी?

मार्चच्या सुरुवातीला इथे एक दिवस असतो, जमिनीतले किडे जागे होतात असं जुन्या पंचांगात मानतात, आणि त्या दिवशी झाडांचा पेंढा सोडतात. मी, ईरा आणि इनोउए-सान असे तिघांनी मिळून सहा झगे उतरवले. आत सगळे हिरवे, झोपेतून उठवल्यासारखे चुरगळलेले. सात नंबर पार तपकिरी झाला होता. पानं कापून टाकली आणि मी अंगठ्यानं बोंड दाबून बघितलं, वैजूताई दाबायच्या तसं. एका बाजूला घट्ट लागलं. दुसऱ्या बाजूला किंचित दबलं. इनोउए-साननीही दाबलं, बराच वेळ, डोळे मिटून. "जूनच्या पावसापर्यंत थांबा," ते म्हणाले, "त्याच्या आधी तो काही सांगणार नाही." आणि खिशातून मूठभर खिळे काढले. चांगले गंजलेले होते.

वैजूताईंचं घर अजून तसंच आहे. इनोउए-सान म्हणतात, भाडेकरू शोधायची मला घाई नाही. स्वयंपाकघरात ती छोटी कढई खुंटीला होती. मी ओट्याशी उभी राहून वही उघडली आणि 'प्रत्यक्ष'च्या खाली, त्यांच्या कापऱ्या ओळीच्या समोर लिहिलं, 'मायनस सहाला आली. फाटकापर्यंत. झाकलं नाही.' लिहिलं आणि बघत राहिले. आकडा बरोबर होता. पुढचं मात्र मी चुकीचं ठरवलं होतं. वैजूताईंचा अंदाज चुकला होता, शेवटचा, माझ्या बाबतीतला, आणि त्या असत्या तर टाळ्या पिटत आत गेल्या असत्या. मग मीच रवा भाजायला घेतला. केळं घातलं, तूप घातलं, हात आखडता न घेता. वास बाहेर गेला तशी ईरा बूट काढून आत आली, पंधरा वर्षांची घोडी, आणि दारातच थबकली. "हाझुरे-शिरा?" तिनं विचारलं. "कोण चुकलं?" मी म्हटलं, "सेन्सेई." ती वाटी घेऊन व्हरांड्यात जाऊन त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. इनोउए-साननी दोन वाट्या खाल्ल्या.

जाण्याआधी मी पुढच्या ओळीत माझा स्वतःचा पहिला अंदाज लिहिला, पेनानं, खाडाखोड न करता. 'सात नंबर. जूनमध्ये फुटणार नाही.' आणि मग दुकानातून रव्याचं नवीन पाकीट आणून त्यांच्या फडताळात ठेवलं.